बाटलीतला सावळा रंग

ती बाटली मी साबुदाण्याच्या डब्यामागे ठेवायचे. बाथरूममध्ये ठेवली असती तर पाहुण्यांनी उघडून वास घेतला असता, आणि कपाटात ठेवली असती तर मलाच ती दिवसातून चारदा दिसली असती. साबुदाण्याचा डबा मात्र फक्त चतुर्थी-एकादशीला निघायचा. बाटलीवर समुद्रकिनारा आणि पिवळ्या केसांची एक बाई होती. उन्हात न जाता उन्हात रापल्यासारखं दिसायचं, यासाठी ते लोशन होतं. लावा, सुकू द्या, पाच-सहा तासांत कातडी सावळी होते.

दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या इमारतीत तेव्हा यच्चयावत बायका गोरं होण्याच्या मागे होत्या. सुट्टीवरून परत येणारी प्रत्येक जण बॅगेत त्या क्रीमच्या ट्यूबा घेऊन यायची आणि शेजारणींना वाटायची. मीही लग्नाआधी दोन वर्षं इमानेइतबारे त्या फासल्या होत्या. कणभर फरक पडला नाही. आम्ही दोह्यात आलो ते नव्वदचं दशक संपता संपता, आणि दुसऱ्याच वर्षी काहीही न लावता माझ्या उजव्या मनगटावर एक ठिपका गोरा झाला. आधी भाताच्या शिताएवढा. सहा महिन्यांत रुपयाएवढा. मग मधल्या दोन बोटांच्या पेरांवर, मग उजव्या कानाखाली, मानेवर.

डॉक्टर मल्याळी होते, शांत माणूस. त्यांनी सांगितलं की हे कोड आहे, दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही, वाढेल की थांबेल ते मात्र सांगता येत नाही. मी घरी आले आणि फोनचं कार्ड खरवडून आईला फोन लावला. कार्डातले पैसे जात होते म्हणून मीच हॅलो हॅलो करत राहिले. शेवटी ती म्हणाली, "कुणाला बोलू नकोस. धाकटीचं व्हायचंय अजून."

धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. मला कोड झालं याचं आईला वाईट वाटलं नसेल असं नाही. पण तिला पहिली धाकटी आठवली, आणि खरं सांगायचं तर त्यात चूक काही नव्हतं. आमच्याकडे मुलीच्या स्थळाची चौकशी करताना लोक घरात कोड आहे का ते विचारतात, बाकीचं नंतर. थोरलीला आहे म्हटलं की धाकटीला उद्या होणार, असा हिशेब मांडून मोकळे होतात. तेव्हा मी ठरवलं की धाकटीच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत माझ्या अंगावरचा एकही पांढरा डाग कुणाच्या नजरेला पडता कामा नये.

बोलायला सोपं होतं ते. मानेवरच्या डागाला फाउंडेशन चालायचं. माझा रंग कुठल्याच एका ट्यूबमध्ये मिळायचा नाही, म्हणून मी दोन ट्यूबा स्टीलच्या वाटीच्या पालथ्या बुडावर कालवायचे, वर कॉम्पॅक्टची पावडर, आणि सकाळी साडेसहाच्या आत मान तयार. पण हात? हात पाण्यात जातात, कणकेत जातात. फाउंडेशन कुकरच्या पहिल्या शिटीपर्यंतसुद्धा टिकायचं नाही. मुशैरिबला मी ज्या ऑफिसात कामाला होते, तिथे वर्षभर मनगटाला क्रेप बँडेज बांधून जात होते. टायपिंगने मनगट दुखतं, असं सांगितलं होतं.

तिथे एक इंग्रज बाई होती, पन्नाशीची, हिशेबाच्या खात्यात. तिच्या पायांचा रंग दर आठवड्याला वेगळा असायचा, कधी गाजरासारखा, कधी चहासारखा. एकदा लेडीज टॉयलेटमध्ये मी बँडेज सोडून हात धूत होते आणि ती आत आली. मला झाकायला वेळच मिळाला नाही. तिने पाहिलं, काही विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एका पिशवीत ती बाटली ठेवून गेली. दुपारी येऊन हळू आवाजात समजावलं की फक्त डागावर लावायचं, कान साफ करायच्या काडीने, कडेला पातळ, मध्ये जाड, तळव्याला लागलं तर लगेच पुसायचं. तिला गोऱ्याचं सावळं व्हायचं होतं आणि मला फक्त निम्म्या हातापुरतं. मी तिला शुक्रन म्हटलं, कारण थँक्यू म्हटलं असतं तर रडायला आलं असतं.

पहिल्या वेळी हात नारिंगी झाला. दुसऱ्या वेळी कडेला एक काळी रेघ उमटली, नकाशावर असते तशी. पण महिन्याभरात हात बसला. दर तिसऱ्या दिवशी दुपारी काडीने तीन थर द्यायचे, दोन थरांमध्ये हात पंख्याखाली धरायचा, आणि मग चार-पाच तास पाण्याला शिवायचं नाही. नुसतं पाणी नाही तर साबण, लिंबू, घाम, सगळं वर्ज्य. मी यादीच पाठ केली होती. वास तेवढा यायचा, दुधात भिजलेलं बिस्किट किंचित करपल्यासारखा. हे, म्हणजे माझे यजमान, म्हणायचे, "आज पुन्हा बेकरी उघडली का?" तेवढ्यावर विषय संपायचा. त्यांना माझ्या हाताचं काही वाटत नव्हतं. पण धाकटीच्या लग्नाचं त्यांनाही वाटत होतं.

आणि मग स्थळ आलं, तेही दोह्यातलंच. मुलगा गॅसच्या कंपनीत, समुद्रातल्या रिगवर. पंधरा दिवस पाण्यावर, पंधरा दिवस जमिनीवर. फरीज बिन ओमरान भागात त्याने फ्लॅट घेतला होता आणि कोल्हापूरहून त्याची आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती. सुट्टीवर गेला तेव्हा तो सांगलीला धाकटीला पाहून आला होता, पत्रिका जुळली होती, दोघं फोनवर बोलत होते. धाकटीचा आवाज फोनवर असा काही झाला होता की तसा मी कधी ऐकलाच नव्हता. आता होकार फक्त त्याच्या आईचा राहिला होता. मुलीची बहीण इथेच आहे, तिचं घर बघते, माणसं कळतात, मग सांगते, असं त्या म्हणाल्या होत्या. म्हणजे परीक्षा माझी होती.

मी त्यांना काकू म्हणत असे. बाई उंच, ताठ, तोंडाने मोकळी आणि नजरेने भयंकर. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा बसल्या जागेवरून त्यांनी पडद्याचा उसवलेला एक टाका दाखवला. त्या दिवशी मी पूर्ण बाह्यांचा सलवार-कमीज घातला होता आणि बोटांना पाच थर दिले होते. जाताना त्या मला जवळ घेऊन म्हणाल्या, "गुणी आहेस." माझा जीव भांड्यात पडला.

नेमकी दिवाळीत मुलाची रिगवर जायची पाळी आली. आमच्या ह्यांचा स्वभाव असा की विचार करण्याआधी आमंत्रण देतात. माझ्यादेखत फोनवर म्हणाले, "काकू, सणाला एकट्या कशा राहाल? चार दिवस आमच्याकडे या. इथून एअरपोर्टही जवळ, तुम्हाला परत जाताना बरं." काकूंचं विमान भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी होतं. म्हणजे होकार किंवा नकार, जो काय तो, आमच्या घरातून निघणार होता. फोन ठेवल्यावर मी आधी बाटलीत लोशन किती उरलंय ते बघून आले.

काकू धनत्रयोदशीला दुपारी आल्या. तीन डबे, एक सुटकेस आणि चकलीचा पितळी सोऱ्या घेऊन. त्या वामकुक्षीला गेल्या तशी मी बेडरूमचं दार लोटलं, काडी काढली आणि कामाला लागले. एरवी तिसऱ्या दिवशी लावायचे ते मी त्या आठवड्यात रोज लावत होते. धोका पत्करायचा नव्हता. थरावर थर चढले होते. मनगट इतकं छान झालं होतं की मला स्वतःलाच डाग कुठे संपतो ते शोधावं लागायचं. दुसरा थर देऊन होतोय तोच दाराबाहेर आवाज आला.

"कसला गं वास हा? काही करपायलंय का?"

"शेजारी काही भाजत असतील, काकू."

"ये मग बाहेर. भाजणी भिजवून घेऊ. मी पाणी उकळायला ठेवलंय."

चकलीचं पीठ म्हणजे उकळतं पाणी, तेलाचं मोहन आणि पंधरा मिनिटं मळणं. हात ओला होता अजून. चार तास पाण्याला शिवायचं नव्हतं. नाही म्हणायला कारण नव्हतं, कारण ज्या घरात धाकटी देणार त्या घराची बाई माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मला हाक मारत होती. मी ड्रॉवर उघडला, औषधाच्या डबीतून पट्टी काढली आणि मधल्या बोटाला गुंडाळली, वर चिकटपट्टी. बाहेर येऊन हात छातीशी धरून म्हटलं, "काकू, सकाळी विळीवर बोट कापलं. पीठ झोंबेल."

"बघू."

"आता बांधलंय."

"हळद भरलीस का?"

"भरली."

"नुसती भरून काय, तुपात कालवून लावायची. सोड, मी लावते."

"आत्ताच रक्त थांबलंय, काकू. नका सोडायला लावू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पडद्याच्या टाक्याकडे पाहिलं होतं तशाच नजरेने. मग मनगटातल्या बांगड्या मागे सारून पीठ स्वतःच मळायला बसल्या. मी डाव्या हाताने त्यांना ओवा दिला, तीळ दिले, आणि उजवा हात ओढणीखाली धरून दोन तास उभी राहिले. त्या चकल्या पाडत होत्या आणि बोलत होत्या. त्यांच्या नात्यातल्या एका घराने मुलीची फिट्स येण्याची खोड लपवली होती, मग लग्नानंतर केवढं रामायण झालं, ते सगळं. "दोष असला तर असूदे की," त्या म्हणाल्या, "पण तोंडावर सांगावा. लपवलेलं मला खपत नाही." तळणीतून चकली काढताना त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. निदान मला तसं वाटलं. मला त्या क्षणी ओढणी बाजूला करून सगळं सांगून टाकावंसं वाटलं होतं. जिभेवर आलं होतं. पण धाकटीचा तो आवाज आठवला आणि मी डाव्या हाताने ताट पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी पहिली अंघोळ. दोह्यात दिवाळीला सुट्टी नसते. ह्यांची ड्युटी सातला, म्हणून साडेचारलाच काकूंनी सगळ्यांना उठवलं. घरातली मोठी बाई म्हणून तेल-उटणं लावायचा मान त्यांचा होता, तो मी कसा काढून घेणार? आईने कुणाबरोबर तरी उटण्याची दोन पाकिटं पाठवली होती. ती मीच फोडली, मीच दुधात कालवली. वासाने डोळे भरून आले. साबण, लिंबू, घाम, सगळ्यांची यादी पाठ करणारी मी. उटणं माझ्या यादीत नव्हतं. लहानपणापासून दर दिवाळीला अंगाची साल निघेपर्यंत जे चोळून घेतलं होतं, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. सण म्हटला की त्यात काही धोका असेल असं वाटत नाही माणसाला.

ह्यांना काकूंनी पाठीला तेल लावलं, कपाळाला उटण्याचं बोट, आणि सोडलं. कारीट नव्हतं म्हणून पायाखाली लिंबू चिरडायला लावलं. हे "यल्ला, यल्ला" करत बाथरूममध्ये पळाले. मी म्हटलं, "काकू, माझं मी लावते."

"त्या बोटाने? बस खाली."

म्हणजे माझ्याच पट्टीने मला धरलं. स्वयंपाकघरात जेवणाचं प्लास्टिक अंथरलं होतं, त्यावर मी गाउन घालून, मानेभोवती ओढणी गुंडाळून बसले. केसांना तेल, पाठीला तेल, डावा हात, उजवा हात. कोमट तेल. माझ्या लग्नानंतर मला कुणी तेल लावलं नव्हतं. आठवड्याभराचा ताण खांद्यातून उतरत गेला आणि मी खरंच डोळे मिटले. त्या हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होत्या. मग उटणं. डावा हात झाला. उजव्या हाताला त्यांनी कोपरापासून सुरुवात केली आणि गोल गोल चोळत खाली आल्या.

"केवढा गं मळ निघायलाय," त्या म्हणाल्या. "ह्या गावाला धूळच इतकी."

मी डोळे उघडले. मनगटावर तपकिरी रंगाच्या बारीक वळ्या होत्या, खोडरबराने खोडल्यावर कागदावर पडतात तशा. आठवड्याभराचे थर तेलाने सैल झाले होते. मी हात ओढला, पण त्यांची पकड पक्की होती. त्या मळ काढत होत्या, मनापासून, आईसारख्या. आणखी उटणं घेतलं आणि जोरात चोळलं.

मग त्यांचा हात थांबला.

बाथरूममध्ये ह्यांचा तांब्या वाजत होता. डोक्यावरून एक विमान गेलं, आमच्याकडे दर दहा मिनिटांनी जायचं. काकूंनी पातेल्यातलं गरम पाणी घेतलं, माझ्या मनगटावर ओतलं, आणि पदराने टिपलं. पांढरा डाग, कडेला तांबूस, मध्ये गुळगुळीत. मग त्यांनी बोटाची पट्टी सोडायला घेतली. मी विरोध केला नाही. आत कापल्याची खूण नव्हती. फक्त अर्धवट सावळं केलेलं बोट होतं.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"चार."

"धाकटीला?"

"नाही, काकू. शप्पथ. तिच्या अंगावर एक तीळसुद्धा वेगळा नाही."

"शपथ घेऊ नको. सणाचा दिवस आहे." त्या माझ्या बोटाकडे बघत राहिल्या. "काल मी हळद लावते म्हटलं तेव्हा हे बोट धडधाकट होतं."

मला सगळ्यात लाज त्याची वाटली. कोडाची नाही, त्या खोट्या पट्टीची. मी रडायला लागले. त्यांनी मला उगी केलं नाही आणि रागावल्याही नाहीत. ह्यांचं दार उघडल्याचा आवाज आला तसा त्यांनी माझ्या हातावर टॉवेल टाकला. म्हणजे झाकायचं कसं, हे त्यांनाही लगेच जमलं.

हे फराळ करून ऑफिसला गेल्यावर त्या म्हणाल्या, "काय लावतेस ते आण."

मी साबुदाण्याचा डबा सरकवला. त्यांनी बाटलीवरची बाई नीट पाहिली, मग मला शिकवायला लावलं. काडी, पातळ कडा, जाड मध्य. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, रांगोळी घालणाऱ्या बाईचा. एका दमात मनगट झालं, मग बोटं. फुंकर घालून सुकवलं. मला वाटलं, सुटले. ह्या बाईच्या पायावर डोकं ठेवावं.

मग त्या म्हणाल्या, "मुलगी मला आवडलीय. मुलालाही. मी होकार देते. घरी यजमानांना सांगणार नाही, मुलाला तर नाहीच. पण भावकी माझी मोठी आहे. लग्नात पाचशे डोळे असणार. तू ये, पण हे लावून ये. आणि हळदीला हात घालू नको. आज बघितलं ना चोळल्यावर काय होतं ते."

"थोरली बहीण आहे मी तिची, काकू."

"म्हणूनच सांगितलं."

कालच तळणीसमोर म्हणत होत्या, लपवलेलं मला खपत नाही. मला आठवण करून द्यावीशी वाटली. पण संध्याकाळी त्यांनी माझ्याच फोनवरून सांगलीला होकार कळवला, पलीकडे आईचा हुंदका आणि मागून धाकटीचं हसू ऐकू आलं, आणि मी माझं म्हणणं गिळून टाकलं. भाऊबीजेनंतर त्या गेल्या. एअरपोर्टला निघताना माझा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "छान बसलाय."

लग्न वैशाखात ठरलं. इंग्रज बाईने मला दोन नव्या बाटल्या आणून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. मी ठरवलं होतं, लोशन लावीन, मानेला फाउंडेशन लावीन, पण हळद मी लावणारच. बोटांच्या टोकांनी, चोळायची नाही, नुसती टेकवायची. त्याने काही निघत नाही. मी घरी करून पाहिलं होतं, हळद कालवून, तीनदा. धाकटी माझ्या मांडीवर वाढलेली. तिच्या गालाला पहिली हळद माझी लागणार नाही, हे मला कुणी सांगू नये. धाकटीला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. आई बोलली नव्हती, मी बोलले नव्हते. तिच्यापुरती मी अजून आधीचीच होते.

सांगलीच्या कार्यालयात चाळीस अंशाला पंखे गरम वारा फेकत होते. मानेवरचं फाउंडेशन वितळू नये म्हणून मी दर अर्ध्या तासाला खोलीत जाऊन पावडर लावून येत होते. नवऱ्यामुलाकडची उष्टी हळद आली. काकू स्वतः वाटी घेऊन आल्या होत्या. पाच सवाष्णींनी आंब्याच्या पानाने लावून झाली. त्यानंतर हाताने फासायची, ती थोरल्या बहिणीने सुरू करायची, ही आमच्याकडची रीत. मावशीने हाक मारली, "करवली कुठाय? ये गं पुढे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या नजरेला नजर दिली आणि पुढे झाले. पाटावर धाकटी बसली होती, पिवळ्या साडीत, कपाळावर हळदीचा ओघळ. मी वाटीत दोन बोटं बुडवली.

"ताईला नको," धाकटी म्हणाली. "तिला हळद चालत नाही. पुरळ उठतं अंगावर."

सहज म्हणाली. पाठ केल्यासारखं अजिबात नाही. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही, वाटीकडे पाहत होती. मावशी म्हणाली, "अगं बाई, होय का? मग राहू दे." काकूंनी वाटी मामीकडे दिली. हसणं, फोटो, बायकांची गर्दी, सगळं पुढे सरकलं. मला हळद चालत नाही, हे सबंध आयुष्यात मी कुणाला म्हटलं नव्हतं. लहानपणी धाकटीचं ढोपर फुटलं की हळद मीच भरायचे.

हळदीची अट काकूंच्या आणि माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती, तेव्हा तिला काकूंनीच सांगितलं होतं, हे कळायला मला वेळ लागला नाही. कधी सांगितलं, काय शब्दांत, आणि धाकटी तेव्हा काय म्हणाली, हे मी आजवर विचारलेलं नाही. तिचा संसार उत्तम चाललाय. ती मला वाचवत होती की स्वतःला, तेही विचारलेलं नाही. मला तिचा राग आला होता, खूप आला होता, आणि त्याच वेळी तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. दोन पिवळी बोटं पदराला पुसली.

चार वर्षं मी ते डाग झाकत होते, पण मला काही झालंय असं कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलेलं मला पटलं होतं, दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही. त्या दुपारी, बायका धाकटीला हळद लावत असताना, मला पहिल्यांदा वाटलं की मी आजारी आहे.